जुनापाणीची शिळावर्तुळं कशी बघायची

जुनापाणीला जाताना घरातलं एक जुनं स्टीलचं ताट पिशवीत टाका. जेवायला नाही. कशाला, ते पुढे सांगते. शिवाय प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, चौकटीची वही, पेन्सिल, वीस मीटर सुतळी आणि पायात बंद बूट. एवढ्या सामानावर मी वीस वर्षं ही वर्तुळं बघत आले आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते तोवर दर हिवाळ्यात वर्गातले पोट्टे घेऊन जायची, आता कुणी पाव्हणे आले की त्यांना नेते.

नागपूरहून काटोल रोडला लागायचं. गोरेवाडा मागे पडला की जुनापाणी फार लांब नाही. शहरापासून दहा किलोमीटरच्या आसपास. माळावर काळ्या दगडांची तीनशेच्या जवळपास वर्तुळं आहेत. कित्येक लोक गाडीतून उतरतात, इकडेतिकडे बघतात, ‘नुसते गोटे तर आहेत’ म्हणतात आणि दहा मिनिटांत परत फिरतात. मला त्यांचा राग येत नाही. किल्ला कसा बघायचा, देऊळ कसं बघायचं हे आपल्याला लहानपणापासून कुणी ना कुणी दाखवलेलं असतं. माळावरचं थडगं कसं बघायचं हे कुणी दाखवत नाही.

होय, थडगीच आहेत ही. इसवी सनापूर्वी साधारण एक हजार ते तीनशे या काळात विदर्भात जे लोक राहत होते, त्यांनी आपल्या काही मृतांसाठी ही बांधली. कडेने मोठे दगड मांडायचे, आत हाडं आणि सोबतच्या वस्तू ठेवायच्या, वरून माती आणि लहान दगडांची भर घालायची. पुस्तकात याला महापाषाणयुग म्हणतात. लोखंड वापरणारी, घोडे बाळगणारी माणसं होती ती. जवळच माहुरझरीला १९७०च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा माणसांच्या हाडांसोबत घोड्यांचे सांगाडे आणि घोड्याच्या तोंडावर बांधायचे तांब्याचे दागिने निघाले. पेंच नदीकाठी नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली, इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपासची. म्हणजे आपण ज्यांना नुसते गोटे म्हणतो, ते मांडणाऱ्यांच्या घरी भट्टी होती आणि दारात घोडा होता. हे डोक्यात ठेवून माळावर पाय ठेवा, अर्धं काम तिथेच होतं.

कधी जायचं

डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. दिवाळीच्या सुमारास कुसळीचं गवत कमरेला लागतं. दगड दिसत नाहीत आणि सलवारीला चिकटलेली कुसळं काढण्यात संध्याकाळ जाते. ढोरं चरून गेली, गवत वाळून बसलं की वर्तुळं उघडी पडतात. मार्चनंतर नागपूरचं ऊन माणसाला माळावर उभं राहू देत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका. यामागे एक गोष्ट आहे, आणि ती मी प्रत्येक वर्गाला सांगत आले. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि या भागाच्या भूगर्भाचे मोठे अभ्यासकही. ४ सप्टेंबर १८६३ या दिवशी ते नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची अशीच शिळावर्तुळं बघायला गेले. परत येताना संध्याकाळी घोड्यावरून भरलेला नाला ओलांडत होते आणि त्यातच बुडून गेले. आपल्याकडचा नाला सकाळी घोट्याएवढा असतो आणि संध्याकाळी माणूस नेतो, हे गावातल्या कुणालाही विचारा.

दिवसातली वेळही महत्त्वाची. सूर्य वर आला की दगड सपाट दिसतो. उन्ह तिरपं असतं तेव्हा, म्हणजे सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी चारनंतर, दगडावरची प्रत्येक खूण सावली टाकते. मी सकाळच पसंत करते, कारण तेव्हा ढोरकी जनावरं घेऊन येतात आणि त्यांच्याशी बोलणं होतं. पहिल्यांदा गेले तेव्हा एका म्हाताऱ्या ढोरक्यानेच मला सांगितलं होतं, “बाई, हे गवळ्यायचे गोटे व्हय. याले कोनी हात नाई लावत.” गवळ्यांचे म्हणजे कोणाचे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण हात लावायचा नाही, एवढं त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं.

वर्तुळ ओळखायचं कसं

पहिला प्रश्न हाच येतो की माळ दगडांनीच भरलेला असतो, मग यातलं माणसाने मांडलेलं कोणतं? आधी उभं कुठे राहायचं ते सांगते. ही वर्तुळं बहुतेक मुरमाड, उंचवट्याच्या जागी असतात. काळी कसदार जमीन खाली, पाण्याकडे. मुरमाच्या टेकाडावर चढा आणि मग खाली न बघता लांब बघा. वर्तुळाच्या अगदी जवळ गेलं की ते दिसतच नाही, चाळीस-पन्नास पावलांवरून दिसतं. दगडांची एक ओळ वळताना दिसली की नजर त्या वळणावरून पुढे न्या. नैसर्गिक दगड असतील तर वळण तुटतं. वर्तुळ असेल तर नजर फिरून आपोआप पहिल्या दगडावर येते.

मग जवळ जा. मांडलेले दगड साधारण एका मापाचे असतात आणि नुसते ठेवलेले नसतात, खालून जमिनीत बसलेले असतात. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा किंचित फुगीर असते, उलट्या परातीसारखी. हा फुगवटा डोळ्यांना पटकन कळत नाही. मी मुलांना वर्तुळाबाहेर उकिडवं बसायला सांगते आणि समोरच्या बाजूच्या मुलाचे बूट दिसतात का विचारते. मध्ये भर असेल तर बूट दिसत नाहीत, घोटे दिसतात. मेंढरांचा जुना वाडा असेल तर तिथे दगड एकावर एक रचलेले असतात आणि आत जायला वाट सोडलेली असते. थडग्याला दार नसतं.

आत चालू नका. बाहेरून फिरा. भर सैल असते, पायाखाली लहान दगड सरकतात, आणि ते दगडही मांडणीचाच भाग आहेत.

आता ताट काढा

जुनापाणीच्या काही दगडांवर वाट्यांसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. अंगठा टेकवला तर टोक बसेल असे, उथळ, गुळगुळीत. कुठे एका रेषेत, कुठे दोन समांतर ओळींत, कुठे फुलीच्या आकारात. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खणून जो वृत्तान्त छापला, त्यात या खुणांची युरोपातल्या दगडांवरच्या तशाच खुणांशी तुलना केली होती. अलीकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खुणा वर्तुळात कोणत्या दिशांना येतात हे मोजलं आणि त्यांचा सूर्य-ताऱ्यांशी काही संबंध लागतो का, ते तपासलं. हा प्रश्न अजून उघडा आहे, आणि म्हणूनच प्रत्येक वाटी आपल्या जागी राहणं मोलाचं आहे.

या वाट्या सापडायला ताट लागतं. दगडाची जी बाजू सावलीत आहे त्या बाजूला एकाने तीन-चार पावलांवर बसायचं आणि ताटाने उन्हाचा कवडसा दगडावर टाकायचा. समोरून टाकलात तर काही उपयोग नाही, नुसता डोळा दिपतो. ताट दगडाच्या बाजूला न्या, जवळजवळ जमिनीला टेकवा, म्हणजे कवडसा दगडाच्या अंगाला घासत जाईल. मग ताट अगदी हळू फिरवा. आत्तापर्यंत सपाट वाटणाऱ्या काळ्या दगडावर एक अर्धचंद्र सावली उमटते, तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, सारख्या अंतरावर. मी हे शंभर वेळा तरी पाहिलं असेल. दरवेळी ताट धरणाऱ्याचा हात थांबतो आणि बोलणं बंद होतं.

प्रत्येक भोक म्हणजे वाटी नव्हे. आपला काळा दगड म्हणजे बसॉल्ट, लाव्हा थिजून झालेला. त्यात वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात. ती वेडीवाकडी, खोल, वेगवेगळ्या मापांची असतात, आणि कधी आत पांढरं खनिज चमकतं. कोरलेली वाटी उथळ असते, तिच्या कडा उतरत्या असतात आणि बहुतेक वेळा तिला सोबतीण असते. एकटं भोक दिसलं तर मी वहीत प्रश्नचिन्ह घालते.

फोटो नीट यावा म्हणून वाट्यांत खडू, रांगोळी, हळद किंवा तेल भरलेलं मी पाहिलं आहे. कृपा करून असं करू नका. रंग दगडाच्या बारीक भोकांत शिरतो आणि निघत नाही. दगडावर जे राखाडी-हिरवट दगडफूल वाढलेलं असतं, मसाल्यात घालतो त्याच्याच जातकुळीतलं, तेही खरवडू नका. ते फार सावकाश वाढतं, आणि खरवडताना दगडाचा वरचा पापुद्रा सोबत येतो. ताटाचा कवडसा कशालाच धक्का लावत नाही, म्हणून मला ताट प्रिय.

मोजायचं कसं

बघणं आणि मोजणं यांत मोठा फरक आहे. सुतळीला दर मीटरला गाठ मारा. उत्तर दिशा फोनवर बघा, पण दगडापासून पाच-सहा पावलं लांब उभं राहून. बसॉल्टमध्ये लोहाचा अंश असतो आणि जवळ गेलं की होकायंत्र चळतं. मग उत्तरेकडच्या दगडाला १ क्रमांक द्या आणि देवळात प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेने मोजत या. क्रमांक वहीत लिहायचे, दगडावर नाही. जिथे दगड असायला हवा पण नाही, तिथे पोकळ गोल काढा. मग उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशी सुतळी धरा, ती भरीवर न चालता, दोघांनी दोन टोकांना उभं राहून.

माझ्या वहीतलं एक पान देते: उत्तर-दक्षिण १२ मीटर ४० सेंटिमीटर, पूर्व-पश्चिम १२ मीटर १०. दगड ४१, दोन जागा रिकाम्या. वाट्या असलेले दगड तीन. आता त्या दोन मापांकडे बघा. बारा मीटरांत फक्त तीस सेंटिमीटरचा फरक. डोळ्यांच्या अंदाजाने एवढा नेमका गोल होत नाही. हातात सुतळी धरून तुम्ही तिथे उभे असता तेव्हा वाटतंच, की मध्ये खुंटी ठोकून कुणीतरी अशीच दोरी फिरवली असणार.

मग एका दगडाचं वजन काढा. मुलांना हे फार आवडतं. लांबी ८० सेंटिमीटर, रुंदी ६०, उंची ५०. गुणाकार केला तर ०.२४ घनमीटर. बसॉल्टचा एक घनमीटर जवळपास तीन टन भरतो, म्हणजे हे झाले सातशे किलो. पण दगड खोक्यासारखा नसतो, गोलसर असतो, म्हणून निम्मं धरा. साडेतीन क्विंटल. कापसाच्या गाडीवर वाढलेल्या पोरांना क्विंटल लगेच कळतो. असे ४१ दगड म्हणजे १४३ क्विंटल, एका थडग्यासाठी. किती माणसं लागली असतील, किती दिवस, त्यांना भाकर कोणी घातली असेल, हे प्रश्न मग मला विचारावे लागत नाहीत.

उचलायचं काहीच नाही

एका वर्षी आठवीतल्या एका मुलाने खापराचा तुकडा खिशात घालून आणला. सोमवारी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर ठेवला, मला आनंद होईल म्हणून. आतून आणि काठाला काळं, बाहेरून तांबडं. अशी भांडी भट्टीत उलटी लावत. आत आणि काठाशी हवा पोचत नाही म्हणून तिथे काळं, बाहेर हवा लागते म्हणून तांबडं. तुकडा सुंदर होता. काठाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की चाकावरच्या बारीक रेषा लागत होत्या.

मी त्याला रागावले नाही. पुढच्या रविवारी त्याला आणि त्याच्या वडिलांना घेऊन परत गेले. त्याने वर्तुळ बरोबर दाखवलं. पण वर्तुळाच्या कोणत्या बाजूला, आत की बाहेर, भरीवर की पावसाने धुतलेल्या घळीत, ते त्याला आठवेना. एकदा इथे म्हणाला, एकदा तिथे, मग रडायला लागला. ते खापर मृताच्या उशाशी ठेवलेल्या भांड्याचं होतं, की नंतर कुणा ढोरक्याचं मडकं फुटलं होतं, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं. तुकडा तोच होता. त्याची जागा हरवली होती, आणि जागेसोबत त्याच्याकडून कळू शकणारं सगळं. तेव्हापासून मी माळावर पोचल्या पोचल्या, कुणी गाडीतून उतरायच्या आधी, ही गोष्ट सांगते. काही दिसलं तर वाकून बघा, शेजारी पेन्सिल ठेवून मापासाठी फोटो काढा, वहीत जवळच्या दगडाचा क्रमांक लिहा, आणि तिथेच राहू द्या.

कायदाही हेच सांगतो. जुनापाणीची वर्तुळं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८च्या कायद्यानुसार, २०१०च्या दुरुस्तीनंतर, संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊन. आणि ज्यांच्या मनात गुप्तधन असतं त्यांच्यासाठी: १८७८चा कायदा आजही लागू आहे, जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. या थडग्यांतून निघतं ते मुख्यतः लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, मडकी आणि मणी. हे सगळं नीट मांडलेलं बघायचं असेल तर पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा.

तुमच्याच वावरात वर्तुळ निघालं तर

विदर्भात वर्तुळं नुसती जुनापाणीत नाहीत. नागपूर जिल्ह्यात कितीतरी गावांच्या शिवारात आहेत, आणि सगळ्यांनाच फलक आणि कुंपण नाही. काही बांधाच्या दगडांत गेली, काही खडीत. मी मोजलेलं एक वर्तुळ दोन वर्षांनी गेले तर जागेवर नव्हतं. त्यातले ओळखीचे दगड एका नव्या लेआउटच्या फाटकाशी शोभेला लावलेले दिसले. वाट्यांची बाजू भिंतीकडे होती. माझ्या वहीतलं पान एवढंच आता त्या वर्तुळाचं उरलं आहे.

तर काय करायचं? दगड हलवू नका. चारही दिशांनी फोटो काढा, वर सांगितल्याप्रमाणे मोजा, फोनवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लिहून घ्या, गट नंबर लिहा. मग एक साधा अर्ज तहसीलदारांना आणि त्याचीच प्रत नागपुरातल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाला. पोच घ्या. अर्जात ‘प्राचीन अवशेष’ असं मोघम लिहू नका. ‘काळ्या दगडांचं वर्तुळ, व्यास इतका, दगड इतके, मध्ये उंचवटा’ असं लिहा आणि आराखडा जोडा. माझा अनुभव असा, की मापं लिहिलेला अर्ज वाचला जातो.

शेतकऱ्याच्या मनात भीती असते ती खरी असते, ती उडवून लावू नका. माझ्या चुलत दिरांच्या वावरात असं वर्तुळ आहे. ट्रॅक्टर सांगून ठेवला होता त्यांनी. मी म्हटलं, “भाऊजी, हे गोटे काढू नका.” ते म्हणाले, “वहिनी, उद्या सरकारनं वावरच घेतलं तं?” मी त्यांना खरं तेच सांगितलं. नुसत्या नोंदीने जमिनीची मालकी जात नाही, खासगी मालकीच्या संरक्षित स्मारकांची सोय कायद्यातच आहे. पण जागा पुढे संरक्षित झाली तर आजूबाजूला घर-गोठा बांधायला बंधनं येतील, हेही लपवलं नाही. मग त्यांना वावरात घेऊन गेले, ताट त्यांच्याच हातात दिलं आणि अकराव्या दगडाच्या बाजूला बसवलं. चार वाट्या होत्या. त्यांनी त्या दोनदा मोजल्या, मग ताट खाली ठेवून चौथीत अंगठ्याचं टोक टेकवून बघितलं.

त्या वर्षी त्यांनी पऱ्हाटीच्या ओळी वर्तुळापासून चार हात अलीकडेच थांबवल्या. मी दर मे महिन्यात, नांगरणीच्या आधी, वही घेऊन जाते आणि दगड मोजते. गेल्या मे महिन्यात छत्तीसच्या छत्तीस भरले.